साठी बुद्धी नाठी असं कोण म्हणतं?



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर घरच्यांनी कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही. आता ठीक आहे. मधल्या काळात फोन करून चौकशी करणाऱ्या सर्वांचे आभार. पुण्याच्या वन्संनी तर एक दिवसाआड फोन केला.

आज लिहायचं आहे ते आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींबद्दल. मी पंच्याहत्तरीला आलो, त्या साठीच्या अलीकडे-पलीकडे, तरी सगळी सावेडी त्यांना मावशी म्हणते म्हणून मीही म्हणतो. (आमच्या नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवर अजून नगरच येतं. जुनी जीभ आहे, समजून घ्या.)

एक दिवस काम आटोपल्यावर मावशी प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. "गुरुजी, एवढं वाचून दाखवा."

पिशवीत दोन कागद होते. पहिला जाड, चकचकीत, कडेला नक्षी असलेला. मी वाचला आणि मला हसावं की काय करावं कळेना. ते त्यांचंच प्रमाणपत्र होतं. काही वर्षांपूर्वी त्या एका साक्षरता वर्गाला जात होत्या, शेवटी परीक्षा झाली, त्या पास झाल्या. त्यांना लिहिता-वाचता येतं असं त्या कागदावर लिहिलं होतं, आणि तो कागद त्या मला वाचून दाखवायला सांगत होत्या.

"तवा येत व्हतं थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "आता गेलं. माझं डोस्कं म्हंजी फुटकी घागर. वरून वतलं का खालून गळतं."

दुसरा कागद टाइप केलेला होता. गावाकडच्या भावाने पाठवलेला. हक्कसोडपत्राचा मसुदा. वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा आपण राजीखुशीने भावाला सोडून देत आहोत, अशा अर्थाचा. भाऊ म्हणाला होता, ये आणि फक्त सही कर.

"सही मला येती," मावशी म्हणाल्या. "वर काय लिहिलंय ते येत नाय."

मंडळी, मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण हे एक वाक्य मला सगळ्या नोकरीत कुणी ऐकवलं नव्हतं. अंगठा उठवणारा माणूस निदान "काय लिहिलंय?" असं विचारतो. सही येणाऱ्या माणसाला तेही विचारायची लाज वाटते, कारण तो साक्षर! आणि पुढे त्या फुटक्या घागरीचं म्हणाल, तर ती घागर मी ओळखतो. सेहेचाळीस वर्षांपूर्वी मीच ती फुटकी ठरवली होती, सरकारी कागदावर, माझ्या अक्षरात. ते आधी सांगतो.

मी १९७२ला नगरमधून मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि पाथर्डी तालुक्यात एका हायस्कुलात लागलो. २ ऑक्टोबर १९७८ला केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पंधरा ते पस्तीस वयाच्या दहा कोटी लोकांना पाच वर्षांत साक्षर करायचं होतं. एका केंद्रात तीस जण, दहाएक महिने, तीनशे-साडेतीनशे तास, आणि शिकवणाऱ्याला महिना पन्नास रुपये. पुढच्या वर्षी आमच्या गावातलं केंद्र माझ्याकडे आलं. पन्नास रुपयांना तेव्हा किंमत होती, पण मी खरोखर उत्साहाने गेलो होतो. मारुतीच्या देवळात कंदिलाच्या उजेडात वर्ग भरायचा. वयाची अट कागदावर राहिली, चाळिशीच्या बायकाही येऊन बसायच्या. दिवसभर शेतात राबून, भाकरी करून, पोरं निजवून.

मी शिकवलं कसं? जसं मला येत होतं तसं. पहिल्या आठवड्यात स्वर, मग क पासून ज्ञ पर्यंत, मग बाराखडी. मी म्हणायचं, त्यांनी मागून म्हणायचं. देऊळ दणाणून जायचं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, काय शिक्षण चाललंय! त्या कोरसमध्ये कुणाला येतंय आणि कुणी नुसतं तोंड हलवतंय, ते मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेच्या वर आकार झाले. पहिली-दुसरीच्या पोरांना ज्याला दोन वर्षं लागतात ते मी तीन महिन्यांत उरकलं. दसऱ्यापर्यंत निम्म्या बायका स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव लिहीत होत्या. मी खूश.

दिवाळी झाली आणि गाव रिकामं झालं. पाथर्डीकडचं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बैलगाड्या जोडून माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर निघून जातात, ती उन्हाळ्यातच परततात. माझ्या वर्गातलीही गेली. वैशाखात पुन्हा वर्ग भरवला तेव्हा पाच-सहा जणी आल्या. त्यातल्या एकीने जाताना पाटीभर शब्द लिहून दाखवले होते. तिने पाटी मांडीवर घेतली, पेन्सिल धरली आणि थांबली. स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर आठवेना. तिने पाटी माझ्यासमोर ठेवली, पदर सारखा केला आणि उठून गेली. परत कधी आली नाही.

अहवालात शेऱ्याचा रकाना होता. मी लिहिलं, "प्रौढांची ग्रहणशक्ती व स्मरणशक्ती मंद असल्याने अपेक्षित प्रगती झाली नाही." मराठीचा बी. ए. ना मी, वाक्य कसं बिनचूक उतरलं!

हे वाक्य चूक होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमची पुतणी मानसशास्त्र शिकवते. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे ती काही वाचते आणि मला फोनवर मराठीत सांगते. (म्हातारपणी विद्यार्थी होण्यात मजा आहे. फी नाही, परीक्षा नाही.) तिला मी देवळातली ती हकिकत सांगितली. ती म्हणाली, "काका, विसरण्याचा अभ्यास ज्याने पहिल्यांदा केला ना, त्याने तो स्वतःवरच केला होता." हर्मान एबिंगहाउस हा जर्मन विद्वान. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचा. १८८५ साली त्याने ते छापलं. एवढा शिकलेला तरुण माणूस, पण पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त एका दिवसात गळून जायचं. मात्र मध्ये अंतर ठेवून तेच पुन्हा पुन्हा उजळलं की गळती कमी होत जाई.

म्हणजे घागर सगळ्यांचीच गळकी. माझ्या वर्गातल्या बाईने सहा महिने कोयता चालवला, त्या काळात एक अक्षर तिच्या डोळ्यांसमोर आलं नाही. तिच्या जागी मी असतो तर माझंही तेच झालं असतं. स्मरणशक्ती मंद नव्हती, मी सहा महिन्यांची दांडी हिशेबात धरली नव्हती. जाताना चार शब्दांची चिठ्ठी जरी बरोबर दिली असती, कोपीवर रोज संध्याकाळी एकदा बघायला!

आता हे मेंदूचं प्रकरण थोडं जपून सांगायला हवं, कारण मेंदूचं नाव घेऊन हल्ली काहीही खपतं. दोन-तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाला मला ज्येष्ठ म्हणून बोलावलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, शाल-नारळ घेतला आहे. तिथे एका तरुण व्याख्यात्याने पडद्यावर रंगीत मेंदू दाखवला. डावा मेंदू हिशेबी, उजवा मेंदू कलाकार. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो. कुणी डोळ्यांनी शिकणारा, कुणी कानांनी, कुणी हातांनी, तेव्हा आधी त्याची जात ओळखा आणि मग शिकवा. शिक्षक भराभर लिहून घेत होते. मीही घेतलं. घरी येऊन पुतणीला फोन केला तर ती हसायलाच लागली. दहा टक्क्यांची गोष्ट निव्वळ थाप. डाव्या-उजव्याची इतकी सोपी वाटणी कुणी शास्त्रज्ञ करत नाही. आणि शिकणाऱ्याची शैली ओळखून तसंच शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ सालीच काही मानसशास्त्रज्ञांनी सगळे अभ्यास तपासून लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे माणसांच्या जाती आधीच काय कमी आहेत, त्यात ह्या आणखी तीन!

खरं संशोधन आहे, आणि ते याच्यापेक्षा साधंही आहे आणि जास्त चकित करणारंही. त्यातलं एक तर आपल्या अगदी जवळचं आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायकाच, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं. म्हणजे आपलीच देवनागरी. शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. जर्मनी, नेदरलँड्स आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून केलेलं हे काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. तिशीच्या आसपासच्या, कधी पाटी हातात न धरलेल्या त्या बायकांच्या मेंदूत सहा महिन्यांत बदल दिसला. तोही नुसता वरच्या थरात नाही, तर डोळ्यांकडून येणारी माहिती पुढे पाठवणाऱ्या आतल्या, जुन्या भागांतही.

त्याआधी २०१०मध्ये स्टॅनिस्लास दहेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या माणसांचा अभ्यास केला होता. काही निरक्षर, काही लहानपणी शिकलेले, काही मोठेपणी शिकलेले. वाचायला येऊ लागलं की मेंदूच्या डाव्या बाजूला मागे-खाली एक जागा अक्षरांसाठी राखली जाते. न वाचणाऱ्याच्या मेंदूत ती जागा चेहरे, वस्तू असं काही ओळखण्याच्या कामी असते. आणि मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही ती जागा तशीच तयार झालेली दिसली. बंद झालेला दरवाजा वगैरे काही नाही.

तेव्हा "साठी बुद्धी नाठी" म्हणणाऱ्यांनी आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिणाऱ्यांनी आपापले शब्द मागे घ्यावेत. मी माझे घेतो.

पण पुतणी इथे थांबली नाही, आणि तिने पुढे जे सांगितलं ते तितकंसं गोड नव्हतं. त्या लखनौच्या बायका सहा महिन्यांनी कुठवर पोचल्या? साधारण पहिलीच्या मुलाइतकं वाचू लागल्या. बस. मंडळी, पहिलीच्या मुलाला आपण प्रमाणपत्र देऊन घरी पाठवतो का? त्याला दुसरीत घालतो, तिसरीत घालतो, रोज त्याच्यासमोर अक्षरं नाचवतो, दहा वर्षं. मोठ्या माणसाला मात्र सहा महिन्यांनी हार घालून निरोप.

हेलन अबादझी या बाई जागतिक बँकेत होत्या. प्रौढ साक्षरतेचे वर्ग जगभर का फसतात याचा त्यांनी मेंदूच्या अंगाने अभ्यास केला, २००३मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अक्षर ओळखता येणं म्हणजे वाचता येणं नव्हे. वेग लागतो. आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो, आणि त्याही काही क्षणच. एकेक अक्षर लावत वाचणारा माणूस वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. त्याने सगळी अक्षरं बरोबर म्हटलेली असतात आणि त्याला काहीही कळलेलं नसतं. अक्षर दिसताक्षणी, विचार न करता ओळखू येईल इतका सराव झाल्याशिवाय वाचन उपयोगाचं होत नाही, आणि तो सराव व्हायच्या आधीच आपले वर्ग संपतात. मावशींचं नेमकं हेच झालं होतं. परीक्षेपुरती अक्षरं लागली होती, वेग आला नव्हता. वेग नाही म्हणून वाचण्यात राम नाही, वाचलं नाही म्हणून अक्षरं गेली.

माझं मत विचाराल तर आपल्या सगळ्या साक्षरता मोहिमांची गाडी इथेच अडली आहे. साताऱ्याची १९५९ची ग्राम शिक्षण मोहीम घ्या, जी पुढे राज्यभर गेली, १९७८चा आमचा कार्यक्रम घ्या, १९८८च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतरच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मोहिमा घ्या. माणसं मनापासून झटली, त्यात शंका नाही. पण मोजलं काय? किती जण साक्षर 'झाले'. किती जण राहिले, ते कोण मोजणार? २०२२ ते २०२७साठी आखलेल्या 'उल्लास' कार्यक्रमात वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी प्रत्येकी ५० गुणांची परीक्षा ठेवली, प्रत्येकात ३३ टक्के मिळाले की पास. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ला ती झाली तेव्हा नातवंडांचा हात धरून शाळेत आलेल्या आज्यांचे फोटो पाहून माझेही डोळे पाणावले. परीक्षेला माझा विरोध नाही. कागदावर पुढच्या शिक्षणाचीही तरतूद आहे. पण शिकवणारे स्वयंसेवक, बिनपगारी, परीक्षा झाली की आपापल्या कामाला लागणार. परीक्षेनंतरची दोन वर्षं ही खरी शाळा असं धरलं पाहिजे, पैसे आणि माणसं तिथे लावली पाहिजेत. पहिले सहा महिने त्या मानाने सोपे असतात हो!

कुणी म्हणेल, मास्तर, हे परदेशी मेंदूचं आपल्या खेड्यात कुठे चालायचं? त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. शिकवण्याच्या दृष्टीने त्यांनी काय केलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत पाठवून पाहिल्या, जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा मध्यम वयाच्या, कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, काही टाकलेल्या किंवा विधवा. त्यांना बाळंतपण, जुलाब, लसीकरण, क्षय, कुष्ठरोग हे सगळं शिकवलं.

कसं शिकवलं? वर्षभराचा कोर्स करून मोकळं केलं नाही. बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, थोडंसं शिकायच्या आणि गावी परत जायच्या. शिकलेलं त्याच आठवड्यात शेजारणीला सांगायचं, करून पाहायचं. पुढच्या खेपेला आल्यावर काय केलं, काय जमलं, काय अडलं, ते सगळ्यांत बसून स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग नवीन थोडंसं. हे महिना-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं.

पुतणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "काका, आमच्या पुस्तकातली चार प्रकरणं यात आली." एका वेळी थोडं. मध्ये अंतर ठेवून उजळणी. नुसतं पुन्हा वाचण्याऐवजी आठवून सांगणं. यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेलेले. आणि चौथं, दुसऱ्याला शिकवणं. जामखेडच्या डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रं पाहून हे ठरवलं नव्हतं. समोरच्या बाईला कमी न लेखता तिच्याकडे नीट पाहिलं, एवढंच. त्याच सुमाराला, त्याच जिल्ह्यात मी देवळात कोरस घेत होतो. एसटीने गेलो असतो तर दोन-तीन तासांत जामखेडला पोचलो असतो. गेलो नाही.

असो. मावशींकडे वळतो.

कागदात काय आहे ते मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. २००५च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, तो सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवा, भावाशी बोला, वकिलाला विचारा, पण घाईने सही करू नका, असं म्हटलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही वाचलं म्हून कळलं. उद्या दुसरा कुणी वाचील, तो खरं वाचील कशावरून? मलाच यायला पायजे."

झालं, दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू. विद्यार्थी एक, मास्तर एक, जागा ओटा.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मावशी पाटी हात लांब करून धरतायत. त्यांना चाळिशी लागून दहा-पंधरा वर्षं झाली असणार, चष्मा कधी घेतलेलाच नाही! भांडी घासायला चष्मा लागत नाही. माझ्या डोळ्यांचा तपास चालू होता म्हणून हे सुचलं, नाहीतर मीही पुन्हा ग्रहणशक्तीवर गेलो असतो. नंबर काढून आणला, साधा वाचायचा चष्मा. तो लावल्यावर त्या म्हणाल्या, "अगंबया, 'भ'ला गाठ असती व्हय!" आता बोला. त्या इतकी वर्षं 'भ' आणि 'म' एकच समजत होत्या. देवळातल्या कंदिलाच्या उजेडात माझ्या चाळिशीच्या बायकांना काय दिसलं असेल, देव जाणे. मेंदूचं संशोधन नंतर, आधी प्रत्येक प्रौढ वर्गात चष्म्याची पेटी ठेवा, असं मी कुणीही विचारलं तर सांगेन. कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो.

रोज वीसच मिनिटं. तीन नवी अक्षरं, तीही अशी की त्यांचा लगेच शब्द होईल आणि तो त्यांच्या रोजच्या वापरातला असेल. 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' असे सारखे दिसणारे एका आठवड्यात आणत नाही. एक पक्का झाला की दुसरा. कालचं आज मी सांगत नाही, त्यांना विचारतो. त्या अडतात, मी गप्प बसतो. मास्तराला गप्प बसणं किती जड जातं, ते मास्तरच जाणे. आठवलं नाही तरच सांगायचं. परवाचं, गेल्या सोमवारचं, मागच्या महिन्यातलं मध्येच काढायचं. आणि रात्री त्यांनी ते अंगणवाडीतल्या नातीला शिकवायचं. नात कडक आहे असं ऐकतो.

एक चूक मी केली. वेग मोजायला घड्याळ समोर ठेवलं. मावशींना घाम फुटला, येत होतं तेही येईना. आतून आमच्या सौ. ओरडल्या, "अहो, ती काय शर्यत आहे? उचला ते घड्याळ!" बरोबर होतं तिचं. धास्तावलेल्या माणसाचं डोकं धास्तीतच गुंततं, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? आता मी गुपचूप भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. सुरुवातीला मिनिटाला सात-आठ शब्द व्हायचे, चार महिन्यांनी बावीस-तेवीसवर आल्या आहेत. साध्या शब्दांत हां, जोडाक्षर आलं की गाडी पुन्हा खडीवर. रफार हा तर त्यांचा जन्माचा वैरी. 'पाथर्डी'तली ती वरची टोपी कोणाच्या आधी म्हणायची, यावरून आमचं रोज भांडण. मिनिटाला पन्नास-साठ शब्दांपर्यंत जायला अजून पुष्कळ आहे. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं आहे. लहान मुलाला थापा मारता येतात, मोठ्याला मारू नयेत.

तो कागद त्यांनी पिशवीत तसाच ठेवला आहे. रविवारी बाहेर काढतात, चष्मा लावतात आणि त्यातले येतील तेवढे शब्द शोधतात. पहिल्यांदा सापडला तो 'मी'. मग 'बहीण'. गेल्या रविवारी 'राजीखुशीने' लागला, चार तुकड्यांत. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

परवा त्यांच्या भावाचा मला फोन आला. मावशींनीच नंबर दिला होता. माणूस बोलायला चांगला होता, रागावलेलाही नव्हता. म्हणाला, "गुरुजी, ताई म्हणते, वाचता आलं की मगच सही करायची का नाही ते सांगीन. तर अजून किती दिवस लागतील म्हणायचे?"

मी म्हटलं, दोन वर्षं तरी धरा.